नाकापेक्षा मोती जड

दादा, नमस्कार.

मी बार्शीचा. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढच्या वर्षी डायरेक्ट सेकंड इयरला पुण्यात नंबर लागेल अशी आशा आहे. दोन वर्षांपूर्वी सोलापुरातून रिफर्बिश्ड पीसी घेतला, कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला. उभा छोटा कॅबिनेट, आय५ ६५०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, सोबत १९ इंची मॉनिटर (१४४० बाय ९००). सुट्टीत मामाच्या दुकानात बसलो त्याचे आणि आजीने दिलेले असे मिळून २२ हजार जमलेत. ग्राफिक कार्ड घ्यायचंय. जीटीए फाइव्ह, रेड डेड रिडेम्प्शन टू, एल्डन रिंग, सायबरपंक आणि मित्रांबरोबर व्हॅलोरंट, एवढं चाललं की झालं. दुकानदार म्हणतो, ३०५० घे, १७ हजारात देतो. एक मित्र म्हणतो, येडा आहेस का, आरएक्स ५८० आठ जीबी ऑनलाइन ९ हजारात कोरं मिळतं. दुसरा म्हणतो, थांब, नवीन पिढी स्वस्त होईल. एसएमपीएस किती वॅटचा आहे ते माहीत नाही, पण पीसी व्यवस्थित चालतो. हा पीसी पुण्याला सोबत न्यायचाय, पुढची तीन वर्षं घरून दुसरा मिळणार नाही. घरी सांगितलंय की कार्ड प्रोजेक्टसाठी पाहिजे, ऑटोकॅडला. अगदीच खोटं नाही ते. काय करू?

– २२ हजारवाला, बार्शी

*

मित्रा,

एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, किती वॅटचा ते माहीत नाही, हे तू जाता जाता लिहून गेलास. तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या एका आकड्यात आहे. त्यामुळे कार्डांच्या नावांकडे जाण्याआधी पीसी बंद कर, मागची वायर काढ, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धर आणि कॅबिनेटची बाजूची पत्री उघड. आत एका कोपऱ्यात लोखंडी डबा दिसेल, त्यावर स्टिकर असेल. ऑफिसातून निघालेल्या या छोट्या टॉवरमध्ये बहुतेक वेळा २४० वॅटचा, फार तर २८० चा डबा असतो. कंपनीने तो त्या मशीनच्या मापानेच बसवलेला असतो. हिशेबाची वही उघडायची, मेल पाठवायचे, संध्याकाळी सहाला बंद करायचं, एवढंच त्याच्याकडून अपेक्षित होतं.

हा डबा कमजोर असतो असं नाही हं. उलट बाजारात ‘४५० वॅट’ असं ठळक छापून हजार रुपयांत मिळणाऱ्या लोकल एसएमपीएसपेक्षा तो कितीतरी प्रामाणिक. लोकल डब्याच्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते एकदा वाचून बघ. १४ अँपिअर असतील तर बारा गुणिले चौदा, म्हणजे १६८ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोघांचं पोट या १२ व्होल्टवरच भरतं, त्यामुळे वरचा ४५० चा आकडा शोभेचाच. तुझ्या ऑफिसच्या डब्याची अडचण वेगळी आहे. त्यातून ग्राफिक कार्डासाठीची ६ किंवा ८ पिनची वायर निघतच नाही. आणि डबाच बदलून टाकू म्हणशील, तर या मशीनच्या मदरबोर्डवर नेहमीची २४ पिनची जोडणी नसते, कंपनीची स्वतःची ६ किंवा ८ पिनची असते. जुळवणारी वायर मिळते, कधी डब्याचा आकारही बसत नाही. थोडक्यात, तो उद्योग आत्ता नको.

मग कार्डाला वीज कुठून मिळणार? ज्या खाचेत कार्ड बसतं ती खाच स्वतः ७५ वॅटपर्यंत देते. त्यावर ६ पिनची वायर आणखी ७५ देते, ८ पिनची १५०. तुझ्याकडे वायर नाही, म्हणून तुझी मर्यादा ७५ वॅट. आता बेरीज कर: प्रोसेसर ६५, बोर्ड-एसएसडी-पंखे मिळून ३०-४०, कार्ड ७०. झाले पावणेदोनशे. २४० च्या डब्याला हे आरामात झेपतं.

आता मित्राचं आरएक्स ५८० बघू. ते एकटंच १८५ वॅट खातं, त्याला ८ पिनची वायर लागते. बेरीज २९० च्या घरात जाते. तुझा मित्र किंवा तो ऑनलाइनवाला म्हणेल, ‘साटाच्या (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) वायरीतून ८ पिन करणारा कन्व्हर्टर मिळतो ना, शंभर रुपयांत.’ मिळतो. आणि जळतोही. साटाची जोडणी १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरसाठी बनवलेली आहे, म्हणजे ५४ वॅट. तिच्यातून दीडशे वॅट ओढायला गेलास तर प्लास्टिक वितळल्याचा वास आधी येईल, गेम नंतर. ही एक गोष्ट मी कोणालाच करू देत नाही.

वीज बाजूला ठेवली तरी ते ९ हजारांचं ‘कोरं’ ५८० मला पटत नाही. आरएक्स ५८० हे एप्रिल २०१७ चं कार्ड. नऊ वर्षं कोणी कोरं ठेवलं असेल? या भावात जे विकलं जातं ते बहुतेक चीनमधून आलेलं, नवीन पंखे आणि नवीन खोका लावलेलं जुनं कार्ड असतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या डिजिटल नाण्याने आपली पद्धत बदलली आणि कार्डांवर ते नाणं ‘खणणं’ एका दिवसात बंद झालं. त्यानंतर दिवसरात्र राबलेली कार्डं ढिगाने बाजारात आली. त्यात आणखी एक मेख आहे. खोक्यावर बारीक अक्षरांत ‘२०४८एसपी’ असं लिहिलेलं असलं, तर ते नाव ५८० चं आणि आतली चिप जवळपास ५७० ची. मूळ ५८० मध्ये गणनेचे २३०४ घटक आहेत, यात २०४८. २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी काढलेला हा प्रकार आपल्याकडे मात्र सरळ ५८० म्हणून विकला जातो.

नावाचा हाच घोळ तुझ्या दुकानदाराच्या वाक्यातही आहे, आणि इथे तो तुझ्या खिशाशी थेट भिडतो. त्याने सांगितलं, ‘३०५० घे.’ कुठलं ३०५०? आरटीएक्स ३०५० या नावाची मुख्यतः दोन कार्डं आहेत. पहिलं जानेवारी २०२२ चं, ८ जीबीचं. त्यात २५६० कोअर (गणनेचे घटक), मेमरीची रुंदी १२८ बिट, वीज १३० वॅट आणि वेगळी पॉवरची वायर लागते. दुसरं फेब्रुवारी २०२४ चं, ६ जीबीचं. २३०४ कोअर, रुंदी ९६ बिट, वीज ७० वॅट. बहुतेक कंपन्यांच्या या दुसऱ्या कार्डाला वायर लागतच नाही, खाचेतल्या विजेवर चालतं. लोकांना वाटतं फरक फक्त दोन जीबीचा. तसा तो नाही, ६ जीबीवालं वेगातच पंधरा-वीस टक्के मागे आहे. एनव्हिडियाने दोन वेगळ्या कार्डांना एकच नाव दिलं, हे मला आजही खटकतं. निदान शेवटचा आकडा तरी बदलायचा.

मेमरीच्या जीबीवर भुलण्याबद्दल बोलायचा मला पूर्ण अधिकार आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानात एकाच नावाच्या स्वस्त कार्डाचे दोन खोके माझ्यासमोर ठेवले होते. एक २ जीबीचं, एक ४ जीबीचं. मी शहाणपणाने सातशे रुपये जास्त दिले आणि ४ जीबीचं घेतलं. दादरला गाडीत बसल्यावर खोका वाचला. चारवाल्यात डीडीआर३ मेमरी होती आणि दोनवाल्यात जीडीडीआर५. म्हणजे सातशे रुपये जास्त देऊन मी हळू कार्ड घरी नेत होतो. दुकानदाराने काही खोटं सांगितलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. तुमच्याकडे मार्केट यार्डात अडतीचं गोदाम बघितलं असशील. गोदाम किती पोत्यांचं याला अर्थ आहे, पण दारातून एका वेळी एकच हमाल जाऊ शकत असेल तर ट्रक संध्याकाळपर्यंत भरत नाही. जीबी म्हणजे गोदाम, बिटची रुंदी आणि मेमरीचा प्रकार म्हणजे दार. ३०५० च्या ८ जीबीवाल्याचं दार सेकंदाला २२४ जीबी सोडतं, ६ जीबीवाल्याचं १६८.

मग गंमत बघ. नेहमीच्या पीसीवाल्याला मी हे ६ जीबीवालं ३०५० घेऊ देत नाही, त्याला थोडे जास्त पैसे घालून आरएक्स ६६०० किंवा पुढचं काही घ्यायला लावतो. तुला मात्र तेच घे म्हणतोय. कारण तुझ्या डब्यातून वायर निघत नाही, आणि बिनवायरीच्या कार्डांच्या पंगतीत आज यापेक्षा बरं ताट मला दिसत नाही.

त्या पंगतीत आणखी कोण आहे ते सांगतो, म्हणजे कोणी मध्येच काही सुचवलं तर गोंधळायला नको. जीटीएक्स १०५० टीआय: ७५ वॅट, सेकंड हँड भरपूर, मोह होण्यासारखं स्वस्त. पण २०१६ चं आहे आणि एनव्हिडियाने त्या पिढीला गेमसाठीचे नवे ड्रायव्हर देणं ऑक्टोबर २०२५ पासून थांबवलंय. आरएक्स ६४००: ५३ वॅट, पण मदरबोर्डशी फक्त चार लेनने, म्हणजे डेटाच्या चारच वाटांनी, बोलतं. नव्या बोर्डावर ते खपून जातं. तुझ्या बोर्डावरची खाच जुन्या, हळू पीसीआयई ३.० पिढीची, तिथे मार बसतो. इंटेलचं आर्क ए३८०: त्याला रिसाइझेबल बार नावाची सोय बोर्डात लागते, तुझ्या पिढीच्या ऑफिस मशीनमध्ये ती साधारणपणे नसते. आणि जीटी ७१०, जीटी ७३० ही ‘४ जीबी ग्राफिक कार्ड’ म्हणून काचेच्या कपाटात ठेवलेली मंडळी. मॉनिटरला जादा पोर्ट हवा असेल तेव्हा घ्यायची, गेमसाठी त्यांच्याकडे बघूही नकोस.

राहिलं जीटीएक्स १६५०. हे मात्र खरं स्पर्धेत आहे, आणि तुझ्या पत्रातली एक ओळ नसती तर मी कदाचित तेच सांगितलं असतं. एप्रिल २०१९ चं, ४ जीबी, ७५ वॅट (काही कंपन्यांनी त्यालाही ६ पिन लावलीय, फोटो बघून घ्यायचं). सेकंड हँड ६-७ हजारांत बिलासकट मिळालं, तर तुझ्या १४४० बाय ९०० च्या मॉनिटरवर जीटीए आणि रेड डेड ते सन्मानाने चालवतं. दहा-बारा हजारांच्या पीसीत १७ हजारांचं कार्ड घालणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड, हे मी रोज कोणाला तरी सांगतो. वर्षभरात नवा पीसी घेणार असतास तर १६५० घे आणि उरलेले पैसे बँकेत टाक, एवढं एका ओळीत लिहून थांबलो असतो. पण तू म्हणतोस, हाच पीसी तीन वर्षं. मग चित्र बदलतं. ४ जीबी आत्ताच अपुरे पडायला लागलेत. १६५० मध्ये रे ट्रेसिंगचे (प्रकाशकिरणांचा हिशेब करून चित्र काढणारे) कोअर नाहीत, आणि डिसेंबर २०२४ चा इंडियाना जोन्स किंवा मे २०२५ चा डूम द डार्क एजेस हे गेम त्या कोअरशिवाय सुरूच होत नाहीत. ३०५० वर ते मख्खन चालतील असं नाही, पण दार तरी उघडतं. शिवाय नव्या कार्डाला साधारण तीन वर्षांची वॉरंटी असते, म्हणजे तुझी डिग्री आणि वॉरंटी बरोबरच संपतील.

थांब म्हणणाऱ्या मित्राचं काय? नव्या पिढीतलं सगळ्यात लहान डेस्कटॉप कार्ड म्हणजे आरटीएक्स ५०५०, जुलै २०२५ मध्ये आलं, अमेरिकेत किंमत २४९ डॉलर. पोरं लगेच गुणाकार करतात आणि म्हणतात एकवीस-बावीस हजार. त्या डॉलरच्या किमतीत तिकडचा विक्रीकर धरलेला नसतो, आणि आपल्याकडे १८ टक्के जीएसटी लागतो. डॉलर ८८ रुपये धरलास तर २१,९१२, त्यावर ३,९४४ कर, झाले २५,८५६, आणि अजून आयातदाराने चहासुद्धा प्यायलेला नाही. बरं, ते परवडलं असतं तरी ५०५० ला १३० वॅट आणि वायर लागते. तुझ्या मशीनपुरतं थांबून काही पदरात पडणार नाही. उलट २०२५ च्या शेवटापासून रॅमच्या चिपांचे भाव एआयच्या डेटा सेंटरांनी चढवून ठेवलेत, आणि कार्डावरची मेमरीही त्याच कारखान्यांतून येते.

आता तुझ्या बाजूची एक गोष्ट, जिचा तुला पत्ताच नाही. तुझा मॉनिटर. १४४० बाय ९०० म्हणजे सुमारे १३ लाख ठिपके. यूट्यूबवर तू जे आकडे बघतोस ते १९२० बाय १०८० चे, पावणेएकवीस लाख ठिपक्यांचे. तुझ्या कार्डाला त्यांच्या साडेबासष्ट टक्केच काम आहे. शिवाय हे ऑफिसचे मॉनिटर ६० हर्ट्झचे असतात, सेकंदाला साठच चित्रं दाखवतात. एकशेवीस फ्रेम काढून उरलेल्या साठ कोणाला दाखवणार? लोक कार्ड घेतात आणि महिन्याभरात ‘जोडीला’ मोठा मॉनिटर आणतात, मग कार्ड कमी पडलं म्हणून रडतात. तू तो मॉनिटर जप. फक्त त्याच्या मागे कोणती पोर्ट आहेत ते बघ. नव्या कार्डांवर एचडीएमआय आणि डिस्प्ले पोर्टच सापडतील. मॉनिटरला डीव्हीआय असेल तर एचडीएमआय ते डीव्हीआय साधी वायर चालते. फक्त निळं व्हीजीए असेल तर एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर लागेल, तीन-चारशे रुपये बाजूला ठेव. आणि कार्ड बसवल्यावर मॉनिटरची वायर कार्डात घाल. हसू नकोस. कार्ड घेऊन बोर्डाच्याच पोर्टला वायर ठेवणारे आणि ‘काहीच फरक नाही’ म्हणून दुकानदाराशी भांडणारे मी स्वतः बघितलेत.

कार्डाइतकंच रॅमकडेही बघायला हवं. एल्डन रिंगला कंपनीने सांगितलेली किमान रॅम १२ जीबी आहे. सायबरपंकलाही आता किमान १२ आणि सोबत एसएसडी. तुझ्याकडे ८. म्हणजे तू कितीही भारी कार्ड आण, हे दोन गेम तुला दर दोन मिनिटांनी अडखळत दाखवतील आणि तू शिव्या कार्डाला घालशील. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर मेमरी उघड: किती खाचा आहेत, किती भरल्यात आणि वेग काय ते तिथे लिहिलेलं असतं. २१३३ असेल तर डीडीआर४, १६०० असेल तर डीडीआर३. तुझ्या पिढीत दोन्ही निघतात, म्हणून बघूनच घे. एकच ८ ची स्टिक असली तर तशीच दुसरी शोध, जुनी चालेल. रॅम सहसा खराब होत नाही, आणि नव्याचे भाव सध्या विचारू नयेत असे झालेत. दोन स्टिक जोडीने चालल्या की प्रोसेसरलाही थोडा श्वास मिळतो.

एसएसडीला मात्र आत्ता पैसे पुरणार नाहीत. रेड डेड टू एकटा १५० जीबी मागतो. तुझ्या २५६ मधून विंडोज वजा केलं तर तो आणि वर एखादा छोटा गेम, एवढंच मावेल. एका वेळी एक मोठा गेम ठेव, संपव, काढ, दुसरा टाक. तसा तो संपायला शंभरेक तास लागले तर नवल नाही, आणि तुला डिप्लोमाची परीक्षाही द्यायचीय.

प्रोसेसरबद्दल स्पष्ट बोलतो. आय५ ६५०० हा २०१५ चा, चार कोअर आणि चारच थ्रेड. सायबरपंकची किमान यादी आय७ ६७०० पासून सुरू होते, म्हणजे तू उंबऱ्याच्या बाहेर उभा आहेस. गेम चालेल, पण नाइट सिटीच्या गर्दीत आणि रेड डेडमधल्या सेंट डेनिसच्या रस्त्यांवर प्रोसेसर धापा टाकेल. कार्ड मोकळं बसेल आणि चित्र झटके खाईल. सायबरपंकच्या सेटिंगमध्ये गर्दीची घनता कमी करायची सोय आहे, ती आधी खाली आण. फ्रेमची मर्यादा ४० ला बांध. स्थिर ४० डोळ्यांना बरे वाटतात, ६० आणि २५ यांच्यामध्ये हेलकावे खाणारं चित्र डोकं उठवतं. पुढे कधी आय७ ६७०० सेकंड हँड चार-पाच हजारांच्या आत दिसला तर त्याच खाचेत बसतो, वीजही तेवढीच घेतो. त्यावर जात असेल तर सोडून दे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तुझा प्रोसेसर नाही. या घोड्यावर फार दागिने चढवू नयेत.

बाकी खेळांचं म्हणशील तर व्हॅलोरंटला तुला कार्डाची गरज नव्हतीच, त्याची किमान यादी इंटेलच्या जुन्या एचडी ४००० पासून सुरू होते. जीटीए फाइव्ह पीसीवर २०१५ ला आलेला, तो तुझ्याकडे पळेल. रेड डेड मध्यम सेटिंगवर पन्नास-साठच्या दरम्यान धर. त्यात टेक्स्चर वर ठेव, सावल्या, धुकं आणि पाण्यातली प्रतिबिंबं खाली आण. एल्डन रिंग मुळातच साठला बांधलेला आहे. आणि डीएलएसएसचं (लहान चित्र काढून ते मोठं करणाऱ्या सोयीचं) कौतुक दुकानदार करील, त्यातलं थोडंच तुझ्या कामाचं. क्वालिटीवर ठेवलंस तरी तुझ्या मॉनिटरसाठी कार्ड ९६० बाय ६०० चं चित्र काढून ते ताणणार. एवढ्या कमी ठिपक्यांतून लांबची झाडं चिखलासारखी दिसतात. फ्रेम अगदीच पडल्या तरच चालू कर.

दुकानात जाण्याआधी पट्टी घेऊन दोन मापं काढ. मागच्या बाजूला खाचांवरच्या ज्या उभ्या पट्ट्या असतात त्यांची उंची: साधारण १२ सेंटीमीटर असेल तर नेहमीचं कार्ड बसेल, ८ असेल तर लो प्रोफाइल कार्डच लागेल, तेही ३०५० ६ जीबीमध्ये मिळतं, पण मागून घ्यावं लागतं. दुसरं, मागच्या पत्र्यापासून आत हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंतचं अंतर. एका पंख्याचं आखूड कार्ड घे, ७० वॅटला दोन-तीन पंखे म्हणजे लग्नातला घोडा. बार्शीच्या मे महिन्यात खोलीच जेव्हा चाळीसला टेकते तेव्हा कार्डही तेवढंच वर चढतं, पण ७० वॅट फार तापत नाहीत. कॅबिनेटमधली धूळ मात्र आजच झाडून घे. दोन वर्षांत उघडलेलं नसेल तर आत तुला गादीचा कापूस सापडेल.

दुकानदाराला फोनवर हेच विचार: सहा जीबी की आठ, पॉवरची वायर लागते की नाही, जीएसटीचं पक्कं बिल देणार ना, आणि वॉरंटी दुकानाची की कंपनीची. कार्ड घेताना खोक्यावरचा आणि कार्डावरचा सिरियल नंबर जुळतो का बघ आणि दोन्हींचा फोटो काढ. पुण्यात गेल्यावर काही झालं तर बिल आणि तो फोटोच कामाला येणार. घरी आल्यावर जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाक, त्यात कोअर २३०४ आणि रुंदी ९६ बिट दिसली पाहिजे. खोटं नाव चढवलेल्या कार्डांपुढे ते बऱ्याचदा इंग्रजीत ‘फेक’ असंच छापतं.

वडिलांचं तुझं तू बघ. फक्त ऑटोकॅडचं कारण बदल. टू-डी ड्रॉइंगला ग्राफिक कार्ड लागत नाही हे कॉलेजातला कुठलाही सर त्यांना सांगेल आणि तू उघडा पडशील. ब्लेंडर हे थ्री-डीचं सॉफ्टवेअर सांग. ३०५० चे रे ट्रेसिंग कोअर ब्लेंडरच्या रेंडरला खरोखर वापरता येतात आणि तुझ्या आय५ पेक्षा ते काम कितीतरी लवकर उरकतं. मग एखादं रेंडर करूनही दाखव त्यांना. एखादा वाडा, निदान भगवंताच्या देवळाचा कळस.

आता तो डबा उघड. २४० किंवा त्याच्या आसपास आणि वायर नाही, असं असेल तर वरचं सगळं जसंच्या तसं लागू. पण सोलापूरच्या दुकानदाराने मधल्या काळात डबा बदललेला असला, ६ किंवा ८ पिनची वायर लोंबत असली, तर कार्ड घेऊ नकोस, आधी त्या स्टिकरचा स्वच्छ फोटो मला पाठव. १२ व्होल्टचा रकाना वाचता आला पाहिजे.

– तुझा दादा